'संगीत सरिता'नं राग शिकवला की नुसती चाल?

षड्जपंचम: विविध भारतीवरची 'संगीत सरिता': सकाळी साडेसात, पंधरा मिनिटं. जुन्या भागांचा साचा ठरलेला. आरोह-अवरोह (स्वरांची चढ-उतार), वादी-संवादी (रागातले सगळ्यात महत्त्वाचे दोन स्वर), चलन (रागाची स्वरांमधून जाण्याची पद्धत), मग त्या रागातलं चित्रपटगीत, शेवटी बंदिश किंवा वाद्यावरची गत. माझा आक्षेप मधल्या गाण्यावर आहे. तीन मिनिटं निवेदन, चार गाणं, उरली सात-आठ. विलंबित (अगदी संथ) एकतालात बारा मात्रा, एक मात्रा चार सेकंदांची धरा, म्हणजे आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) 48 सेकंदांचं. सात मिनिटांत नऊ आवर्तनंही भरत नाहीत. बढत (एकेक स्वर घेत राग उलगडणं) गंधारापर्यंत पोचतेय तोवर वेळ संपली! मालकंस म्हटलं की लोकांना 'मन तरपत हरि दर्शन' आठवतं, मध्यमावरचा न्यास (त्या स्वरावर थांबणं) नाही.

तीनताल16: विलंबितच कशाला हवं? मध्यलय (मध्यम गतीचा) तीनताल घ्या, सोळा मात्रांचा, मिनिटाला 80 मात्रा, आवर्तन 12 सेकंदांचं. सात मिनिटांत पस्तीस होतात. बंदिशीचे दोन्ही भाग (अस्ताई-अंतरा), थोडी आलापी, दोन-चार ताना आरामात बसतात. विलंबितासाठी आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 पासून होताच. आणि गाणी वगळण्याचा प्रयोग झालाय की. त्याच साली बाळकृष्ण केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली, आणि श्रोत्यांनी काटा फिरवला तो थेट रेडिओ सिलोनवर. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली ती त्यांना परत आणायलाच.

जवारी: केसकरांच्या नावावर सगळंच खपवतात. आकाशवाणीवरची हार्मोनियमबंदी 1940 ची, ते मंत्री होण्याआधीची; उठली 1971 मध्ये. असो. मला गाण्यापेक्षा घड्याळ खुपतं. सकाळी साडेसातला यमन समजावून सांगायचा आणि 'सायंकाळचा राग' हेही त्याच दमात! दुसरं, मीडियम वेव्हवर दोन केंद्रांत 9 किलोहर्ट्झचं अंतर, म्हणून ऐकू येतं ते साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतच. तंबोऱ्याच्या जवारीचा (तारेच्या घोडीवरच्या खास गुंजनाचा) वरचा झणकार तिथेच कापला जातो. एफएमवर 15 पर्यंत जातं, तेव्हा कुठे तंबोरा तंबोऱ्यासारखा वाजतो.

तीनताल16: वेळेचं मान्य. पण फक्त सकाळचे राग घ्यायचे तर मारवा, पूरिया हे संध्याकाळचे राग कधीच यायचे नाहीत.

षड्जपंचम: मूळ मुद्दा राहिला. गाणं रागाला धरून असतंच असं नाही. 'ज्योति कलश छलके' घ्या (भाभी की चूड़ियाँ, 1961, संगीत सुधीर फडके). कुणी भूप म्हणतं, कुणी देशकार. दोन्हींचे स्वर तेच, सा रे ग प ध. नवख्यानं काय समजायचं?

उत्तरांग: अहो, हेच तर शिकवण्याजोगं उदाहरण! भूपात वादी गंधार, चलन पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात), मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापर्यंत उतरणारं, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकारात वादी धैवत, सगळा खेळ पंचमाच्या वर, रिषभ जाताजाता लागलेला, वेळ सकाळची. गाणं लावा आणि विचारा, स्वर कुठे रेंगाळतोय? दोन मिनिटांचं काम. (गंमत म्हणजे गीत पं. नरेंद्र शर्मांचं, ज्यांनी विविध भारतीची घडी बसवली. आणि आपण पहाटे म्हणतो ती 'भूपाळी', पण राग भूप रात्रीचा.)

षड्जपंचम: असं विचारत असतील तर हरकत नाही. पण 'यह गीत राग भूपाली पर आधारित है' एवढंच म्हणून रेकॉर्ड लावली, तर 'आधारित' या शब्दाखाली काहीही खपतं. गाण्यात परका स्वर असेल तर तो कुठल्या ओळीत लागतो, तेवढं तरी सांगा.