मदत हवी आहे: गरोदरपणात सुरमई खावी का?

बायकोला पाचवा महिना आहे. आम्ही रत्नागिरीकडचे, मासे घरात रोजचेच. डॉक्टर म्हणाले, "मासे खा, पण मोठे टाळा." मोठे म्हणजे नेमके कोणते, हे विचारायचं राहिलं आणि पुढची तपासणी लांब आहे.

वाचून कळलं ते असं: मोठा मासा लहान माशांना खातो, म्हणून पारा त्याच्यात साठत जातो. तो मांसात मुरलेला असल्यामुळे धुऊन, तळून किंवा उकळून जात नाही, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका असतो. त्यामुळे मोरी (शार्क मासा) खाणं बंद केलं. तारली, मांदेली, बांगडा चालू आहेत. मासे पूर्ण सोडायचे नाहीत, बाळाला त्यांचा फायदाही आहेच.

अडलंय सुरमईवर. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) गरोदर बायकांसाठीच्या 'टाळा' यादीत किंग मॅकरेल आहे. पण तो अटलांटिकचा मासा, आपली सुरमई त्याच कुळातली पण वेगळ्या जातीची. आमच्याकडे बहुतेक किलो-दीड किलोची येते, आठ-दहा किलोची क्वचितच.

आहारतज्ज्ञ, मत्स्यशास्त्राचे अभ्यासक किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ कुणी असाल तर सांगा: अरबी समुद्रातल्या लहान सुरमईची एखादी तुकडी आठवड्यातून एकदा चालेल, की बाळंतपणापर्यंत तीही बंदच ठेवावी?