नववीच्या कपाटातल्या कादंबऱ्या आणि कुलूप

कृष्णाकाठ (सांगली)
परवा इथं, या चर्चापानावर, एका पालकांनी लिहिलं, ‘अत्याचार, आत्महत्या, बालविवाह असल्या कुमार कादंबऱ्या नववीच्या वाचनालयातून काढा, पोरांचं वय अभ्यासाचं आहे.’ चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

अमेरिकी लेखिका लॉरी हॅल्स अँडरसनची ‘स्पीक’ ही कादंबरी घ्या, १९९९ची. नववीत जाणाऱ्या मुलीवर सुट्टीत बलात्कार होतो आणि ती बोलणंच टाकते. २०१० साली मिसुरीतल्या एका प्राध्यापकानं वर्तमानपत्रात लिहून तिला अश्लील ठरवलं. बलात्काराचं वर्णन ज्याला चाळवणारं वाटतं, त्याच्या वाचनाची काळजी आधी करा. आपल्याकडं २०१२चा पोक्सो आहे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्या कायद्याला चौदा वर्षांची पोर पीडित म्हणून दिसते, मग कपाटाला वाचक म्हणून का चालत नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही १९८२ला पिको खटल्यात सांगितलं, विचार पटत नाहीत एवढ्यावरून शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक काढता येत नाही.

तासगावचा पालक
तो लिहिणारा मीच. खटला अर्धाच सांगितलात. त्या न्यायाधीशांचं बहुमताचं एक मत झालंच नाही, आणि शिक्षणाला अयोग्य असेल तर काढायची मुभा त्यातच आहे. ते राहू द्या. इथं वर्गात साठ पोरं, समुपदेशक नाही, मास्तरांना पोर्शन संपवायचाय. पुस्तक वाचून पोरगी रडायला लागली तर सावरणार कोण? तुमचा धागा?

वाळव्याचे मास्तर
प्रश्न रास्त आहे, उपाय चुकीचा. पुस्तक वर्गात घ्यायचं तर शनिवारी घेऊ नका. शाळा अर्धी, पुढं रविवार, पोरगी बोलायला आली तर भेटणार कोण? मंगळवार-बुधवार, मधल्या सुट्टीच्या आधीचा तास घ्या. आदल्या दिवशी विषय सांगा. ज्याला नको त्याला वाचनालयात बसू द्या, कारण विचारू नका. अत्याचाराचा प्रसंग पोरांकडून मोठ्यानं वाचून घेऊ नका. मागच्या बाकावर खिदळणं सुरू होतं आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला ते खिदळणंच लागतं. प्रश्न पात्रावर विचारा: ‘तिनं आधी कुणाला सांगितलं असतं?’ ‘तुमच्याबाबतीत असं झालंय का?’ हे भर वर्गात चुकूनही नको.

मूल बोललंच तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ ही सबब कायद्यात नाही.

तासगावचा पालक
हेच तर म्हणतोय! मास्तर चौकीच्या पायऱ्या झिजवणार. म्हणून ते पुस्तकच नको म्हणतात.

कृष्णाकाठ (सांगली)
म्हणजे मूल बोलू नये म्हणून पुस्तक नको. बरं झालं, स्वतःच्या तोंडानं बोललात.

तासगावचा पालक
शब्द फिरवू नका. आणि काढली कुठं? कपाटात आहेत की.

कपाटाची किल्ली
कपाटात आहेत म्हणूनच मी आलो. दाखल नोंदवहीत क्रमांक आहे, निर्लेखन झालेलं नाही, म्हणजे बाद करून नोंद काढलेली नाही, मग ते पुस्तक देवघेवीचं आहे. क्रमांक लिहून लेखी मागा. तोंडी मागितलं की ‘किल्ली सरांकडं’ हे ठरलेलं उत्तर. आणि कुलूपबंद पुस्तकाचं काय होतं माहितीय? पत्र्याचं कपाट भिंतीला टेकवलेलं, पावसाळाभर बंद. भिंतीची ओल आत, वर बुरशी, पुठ्ठ्याच्या खळीला कसर. डांबर गोळ्यांनी बुरशी जात नाही. ओला कडुनिंब तर घालूच नका, उलट दमट होतं. पाला सावलीत कडकडीत वाळवून घाला. चार बोटं जागा सोडून कपाट पुढं ओढा, खाली विटा.

कराडकर
पुस्तकं उन्हात घाला की सरळ.

कपाटाची किल्ली
कडक उन्हात बांधणीचा डिंक सुटतो, दादा. सावलीत, वाऱ्यावर, पानं उघडून उभी. तीही ऑक्टोबरात, श्रावणात नव्हे.

कराडकर
२०१९च्या पुरात सांगलीत पुस्तकांचा लगदा झाला, त्याला सावली पुरली असती का?

कपाटाची किल्ली
पूर आणि ओल यातला फरक कराडात राहून कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

तासगावचा पालक
विषय काय, चाललंय काय!

वाळव्याचे मास्तर
विषय कपाटाचाच आहे. एक मात्र तुमच्या बाजूनं: आत्महत्येची पद्धत बारकाईनं सांगणारी कादंबरी मीही नववीला देणार नाही. बाकीच्यांवर इशाऱ्याचा लाल ठिपका लावू नका, पहिल्याच आठवड्यात तीच पुस्तकं फिरतात. मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी डकवा: मुलांच्या मदतीची चाइल्डलाइन १०९८, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६, आणि शाळेतल्या एका बाईंचं नाव. बालविवाहाच्या पुस्तकात ग्रामसेवकाचाही नंबर लिहा. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो. साखर कारखाने सुरू झाले की वर्गात येणाऱ्या ऊसतोड्यांच्या पोरींना ही माहिती अभ्यासाबाहेरची नाही.

तासगावचा पालक
चिठ्ठीचं ठीक आहे. पण पुस्तक घरी नेण्याआधी पालकाला कळलं पाहिजे.

कृष्णाकाठ (सांगली)
आणि त्रास घरातलाच असेल तर? त्याच पालकाची सही आणायची?

तासगावचा पालक
...मग वाचनालयातच बसून वाचू दे. बुधवारी. तुम्ही जिंकलात, पेढे वाटा.

कपाटाची किल्ली
पेढे नकोत, मुंग्या येतात. कपाट ओढायला दोन माणसं पाठवा.