मदत हवी आहे: झूझूसारखी हालचाल मोबाइलवर कशी टिपायची?

२००९ च्या आयपीएलमधल्या व्होडाफोनच्या, झूझू या छोट्या पांढऱ्या पात्रांच्या जाहिराती आठवतात ना? ते अ‍ॅनिमेशन नव्हतंच, पांढऱ्या पोशाखातली खरी माणसं होती! सेट मुद्दाम मोठे, म्हणून झूझू छोटे दिसतात. चित्रण सेकंदाला नेहमीपेक्षा कमी फ्रेम्सनी (म्हणजे स्थिर चित्रांनी) केलेलं, म्हणून चाल तुरुतुरु. हे मला फारच आवडतं. पैसा संगणकावर नाही, कल्पनेवर खर्च झालाय.

शाळेतल्या मुलांकडून असाच अर्ध्या मिनिटाचा प्रयोग करून घ्यायचाय. सेकंदाला २० फ्रेम्सनी टिपून २५ नी दाखवलं, तर वेग सव्वापट होतो. पण साध्या अँड्रॉइड फोनवर फ्रेम्सचा आकडा हाताने ठरवता येणारं मोफत अ‍ॅप कोणतं? वर्गातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, त्यासाठी शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ) १/५० सेकंद ठेवलं तर पुरेल का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.