अनुभव धागा : खिडकीचा उजेड आणि वाजवणारा माणूस

वादक किंवा गायक आपल्या नादात असताना, घरातल्या खोलीत, केवळ खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याचे छायाचित्र टिपण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्या सर्वांनी येथे लिहावे, असे हे आग्रहाचे निमंत्रण आहे. कॅमेरा कोणता होता यापेक्षा उजेड कुठून येत होता, तुम्ही कुठे बसला होतात आणि समोरच्याला तुमचा विसर केव्हा पडला, हे सविस्तर सांगितलेत तर इतरांना अधिक उपयोग होईल. सुरुवात मीच करतो.

माझी थोरली बहीण व्हायोलिन वाजवते. पहिल्या दिवशी मी तिला उत्साहाने खिडकीकडे तोंड करून बसवले. उजेड भरपूर मिळाला, पण चेहरा अगदी सपाट आला. दुसऱ्या वेळी खिडकी तिच्या उजव्या हाताला होती. व्हायोलिन डाव्या खांद्यावर असते आणि मानही डावीकडेच वळते, त्यामुळे चेहरा अंधारात गेला आणि गज ओढणारा हात दर वेळी उजेडाच्या आड येऊन गालावर सावली फिरवू लागला. खिडकी डावीकडे आणि किंचित समोर आली तेव्हा सगळे जुळले. तारांवर खिळलेली नजर, गाल आणि वाद्याचा वरचा भाग एकाच उजेडात आले, मागची भिंत काळोखी राहिली, आणि गजाच्या केसांवरून उडणारी राळेची बारीक पांढरी पूड त्या काळोखावर स्पष्ट दिसू लागली. ती पूड मी इतकी वर्षे तिच्याजवळ राहूनही कधी पाहिली नव्हती. तेव्हापासून मी वाद्य पाहून खुर्ची मांडतो, आणि एकदा वाजवणे सुरू झाले की कशालाही हात लावत नाही. खुर्ची मांडली म्हणजे छायाचित्र सहज राहिले नाही, असे काहींचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण माणूस कुठे बसला हे मी ठरवले तरी तो काय वाजवतो आणि वाजवताना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे माझ्या हाती नसतेच.

*

माझा अनुभव तबल्याचा आहे. बोटे गोठवायची या हट्टाने मी शटर १/५०० सेकंदावर ठेवून पुष्कळ छायाचित्रे काढली, आणि घरी येऊन पाहिले तर सगळी स्तब्ध होती. हात तबल्यावर नुसता ठेवल्यासारखा दिसत होता. मग १/६० वर आलो. चेहरा स्थिर असताना बटण दाबले तर डोळे स्पष्ट येतात आणि बोटांच्या जागी एक धूसर झुळूक उमटते, आणि तीच खरी लय वाटते. मात्र यासाठी वादन कान देऊन ऐकावे लागते. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येताना बहुतेक वादक मान वर करतात आणि सम पडताच क्षणभर विसावतात. त्या विसाव्याच्या आधी किंचित बटण दाबायचे असते.

एक तांत्रिक अडचणही सांगतो. पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, पांढरी आणि तिच्यावरची शाई काळी, दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी येतात, त्यामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर गोंधळतो. मी चेहऱ्यावरून एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवतो आणि पुडी पांढरीफटक पडत असेल तर खिडकीला पातळ पांढरा पडदा लावतो. पडद्यामुळे उजेड कमी होतो हे खरे, पण तो पसरतो आणि सावल्यांच्या कडा मवाळ होतात.

*

मी छायाचित्रकार नाही, गाते. माझी छायाचित्रे घरी रियाजाच्या वेळी दोघांनी वेगवेगळ्या दिवशी काढली, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

पहिल्यांच्या कॅमेऱ्यातून फोकस मिळाल्याचा बारीक आवाज येत असे आणि पुढचा छोटा दिवा माझ्या डोळ्यांवर पेटत असे. विलंबित आलाप चालू असताना, तानपुऱ्याचा षड्ज कानात भरलेला असताना शटरची खटखट ऐकू आली की स्वर लावतानाच मन मागे वळते. त्या दिवशीच्या सर्व छायाचित्रांत मी काहीतरी ऐकत असल्यासारखी दिसते, पण ते गाणे नाही, कॅमेरा आहे. दुसऱ्या बाई आल्या त्या पहिला पाऊण तास नुसत्या बसून राहिल्या. कॅमेरा मांडीवर होता, आवाज आणि दिवा त्यांनी दाराबाहेरच बंद केले होते. पुढे तानांच्या भरात त्या बटण दाबत आणि मी शांत स्वरावर थांबले की त्यांचा हातही थांबत असे. त्यांनी काढलेले माझे सर्वांत आवडते छायाचित्र गातानाचे नाहीच. मी तानपुऱ्यावर कान टेकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, नीट लागली की नाही ते ऐकते आहे, आणि खिडकीचा उजेड माझ्या कपाळापेक्षा खुंट्यांवर जास्त आहे.

*

थोडक्यात एवढेच सांगतो, की खोलीतला दिवा आठवणीने मालवा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचे एकक) आसपास असतो आणि पिवळा बल्ब २७०० च्या जवळपास; एकाच चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी आली की ती नंतर संगणकावर बसून जुळवणे फार कष्टाचे होते. मी एक अख्खी दुपार अशीच गमावली आणि शेवटी सगळी छायाचित्रे कृष्णधवल करावी लागली.

*

बासरीवाल्या मित्राची छायाचित्रे काढताना मला फोकसने रडवले. ८५ मिमीच्या लेन्सचे छिद्र १.८ इतके मोठे उघडून ती दोन मीटरवरून चेहऱ्यावर रोखली, तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. बासरीवादक श्वास घेताना आणि सोडताना त्याहून जास्त झुलतो. डोळ्यावर फोकस धरावा, आणि बटण दाबेपर्यंत तो कानावर गेलेला असावा, असे वारंवार झाले. अखेर छिद्र लहान करून २.८ वर आलो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवला आणि रवाळपणा पत्करला. छापून घेतल्यावर तो रवाळपणा कुणाच्या डोळ्यांत आला नाही. निसटलेला डोळा मात्र आला असता. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी १९८० च्या दशकात तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासोबत कित्येक हिवाळे प्रवास करून जी छायाचित्रे काढली, आणि ज्यांचे पुस्तक १९८६ मध्ये आले, त्यांकडे पाहताना मला प्रथम जाणवते ती त्यांच्यातली जवळीक, आणि ती सोबत राहूनच येते. माझा मित्रही मला तिसऱ्या महिन्यात विसरू लागला.

*

छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी १९५४ मध्ये फ्रान्समधल्या प्राद येथील एका जुन्या मठात चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचे छायाचित्र पाठीमागून काढले. दगडी भिंत, वर लहानशी खिडकी आणि चेलो वाजवणाऱ्या माणसाची पाठ, एवढेच त्यात आहे. ते पाहिले नसते तर मी पुढचे छायाचित्र काढायला धजावले नसते.

माझे सारंगीचे गुरुजी वयोवृद्ध होते. सारंगीच्या तारा बोटांच्या टोकांनी दाबत नाहीत, नखांच्या मुळाशी असलेल्या कातडीने बाजूने स्पर्श करतात. त्यामुळे तिथे आयुष्यभराचे घट्टे पडतात. सकाळी खिडकीचा उजेड खालून, तिरका येत असे, तेव्हा त्या घट्ट्यांतल्या खाचा मोजता येतील इतक्या ठळक दिसत. मी काही दिवस फक्त त्यांचा डावा हात टिपला. एके दिवशी ते माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसले आणि बराच वेळ वाजवत राहिले. मी मागे जमिनीवर बसून होते. खांद्याच्या कडेवर उजेडाची एक रेघ होती आणि गज परतताना ती किंचित हलत असे. तीन छायाचित्रे काढली आणि कॅमेरा खाली ठेवला.

वाजवणे संपल्यावर मी नेहमीप्रमाणे त्यांना सगळी दाखवली. हाताच्या छायाचित्रांपैकी एकात बोटे थरथरलेली दिसत होती, ते त्यांना नको होते, म्हणून त्यांच्यासमोरच पुसून टाकले. पाठीचे मात्र त्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले, कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि विचारले, "हे कोणता राग चालू असताना काढलेस?" मी तोडी म्हटले. ते म्हणाले, "हो, तोच दिसतो आहे."