मदत हवी आहे: एनव्हिडिया ड्रायव्हर बसला, पण उबंटूत लोड होत नाही

प्रश्न
उबंटू 24.04, कार्ड जीटीएक्स 1650. सोबत विंडोजही आहे, त्यामुळे सिक्युअर बूट (बूट होताना विश्वासू सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद करायचं नाही. टर्मिनलमधून ड्रायव्हर टाकला, एरर काहीच नाही. रीस्टार्टला निळा स्क्रीन आला, तिथे 'कंटिन्यू बूट' निवडलं. आता रिझोल्युशन 1024×768 वर अडकलंय, दुसरा मॉनिटर दिसत नाही, कार्डची स्थिती दाखवणारी 'एनव्हिडिया-एसएमआय' कमांड म्हणते ड्रायव्हरशी संपर्क नाही. पुन्हा इन्स्टॉल करूनही तेच.

उत्तर 1
ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकू नका, तो बसलेलाच आहे. घोळ निळ्या स्क्रीनवर झालाय, तिथे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची राहिली. 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' चालवा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं की निदान पक्कं.

मॉड्यूल म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लोड होणारा भाग. डीकेएमएस हे साधन तो तुमच्याच मशीनवर तयार करून तिथल्याच किल्लीने साइन करतं. त्या किल्लीची नोंद नसेल तर सिक्युअर बूट चालू असताना कर्नल मॉड्यूल नाकारतो. नूव्होला, म्हणजे उबंटूसोबत येणाऱ्या मुक्त ड्रायव्हरला, तर पॅकेजने आधीच ब्लॅकलिस्ट केलेलं असतं. म्हणजे दोन्ही ड्रायव्हर गेले, उरलं फर्मवेअरने लावून दिलेलं रिझोल्युशन.

नोंद अशी करा (एमओके म्हणजे हीच किल्ली):

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर

पासवर्ड मागेल. नुसते आकडे ठेवा, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि चिन्हं भलतीच उमटतात. हा पासवर्ड एकदाच लागतो. रीस्टार्ट करून समोरच बसा. 10 सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर बूट तसाच पुढे जातो आणि इम्पोर्ट परत करावं लागतं. मग 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'.

प्रश्नकर्ता
किल्ली नोंदवली, ती एरर गेली. आता मॉडप्रोब म्हणतं 'मॉड्यूल एनव्हिडिया नॉट फाउंड'.

उत्तर 2
मग चालू कर्नलसाठी मॉड्यूल बनलेलंच नाही. 'युनेम -आर' आणि 'डीकेएमएस स्टेटस' यांतले कर्नलचे आकडे ताडून बघा. बहुधा हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नाहीत. 24.04 डेस्कटॉपवर सहसा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा नवा) कर्नल असतो, त्याला 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-24.04' लागतं. नुसतं 'जेनेरिक' टाकलंत तर जुन्या कर्नलचे हेडर्स येतील. नंतर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' आणि रीस्टार्ट. किल्ली तीच राहते, निळा स्क्रीन परत यायला नको.

एक विचारायचं राहिलं: आधी कधी एनव्हिडियाच्या साइटवरच्या '.रन' फाइलने ड्रायव्हर टाकला होता का? असेल तर सगळ्यात आधी 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' चालवा. त्या फाइली पॅकेजच्या फाइलींवर चढून बसतात.

प्रश्नकर्ता
'.रन' नव्हती. हेडर्सच नव्हते. दोन्ही मॉनिटर लागले, 'एनव्हिडिया-एसएमआय'चा तक्ता आला. दोघांचे मनापासून आभार.