ती बातमी आली तेव्हा तुम्ही कुठं होता? (अनुभव धागा)

परवा कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाताना विषय निघाला. चौघंजण होतो, आणि २६/११ ला कोण कुठं होतं हे चौघांनाही अगदी बारीकसारीक आठवत होतं. एकाच्या हातात दुधाची पिशवी होती, ती हातातच राहिली आणि सकाळी दूध नासलं वगैरे. काल दुपारी काय जेवला विचारलं तर सांगता येणार नाही, पण सतरा वर्षांमागची दुधाची पिशवी आठवते. म्हणून हा धागा.

घटनेची माहिती सगळ्यांना आहे, ती नको. राजकारण तर अजिबात नको, त्यासाठी बाकी जागा भरपूर आहेत. तुम्ही कुठं होता, कुणी सांगितलं, हातात काय होतं, एवढंच लिहा. नाव नको असेल तर नुसती पेठ लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो.

शिवाजी पेठ
२२ मे १९९१, सकाळ. राजीव गांधींचा स्फोट झाला २१ ला रात्री, पण आमच्याकडं झोपलेल्या माणसाला कोण सांगणार. मी नऊ वर्षांचा, मे महिन्याची सुट्टी, आजोबांबरोबर गंगावेशीत दूध प्यायला गेलेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडं कट्ट्यावर म्हशी येतात, गवळी समोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. गवळ्याचा ट्रान्झिस्टर खुंटाला अडकवलेला असायचा. माझा ग्लास भरत होता आणि धारेचा आवाज थांबला. म्हैस उभी, गवळी बसलेला, हात सडावर तसाच, आणि तो आजोबांकडं बघतोय. आजोबा आयुष्यभर शेकापवाले, काँग्रेसला शिव्या घातल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि मला म्हणाले चल घरी. पैसे पण द्यायचे राहिले, ते संध्याकाळी जाऊन दिले.

मंगळवार पेठ
माझं किल्लारी. लिहू का नको करत होतो.

१९९३ ची अनंत चतुर्दशी, २९ सप्टेंबर. कोल्हापूरची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे सगळ्यांना माहीत आहे. भूकंप झाला ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. त्या टायमाला आमच्या तालमीचा गणपती पापाची तिकटीला अडकलेला, पुढं दोन मंडळांची वादावादी चाललेली, आणि आम्ही हलगीवर नाचत होतो. नंतर कोण कोण म्हणायला लागलं आम्हाला जाणवलं, भांडी वाजली. आम्हाला काय जाणवणार, अंगाखालचा रस्ता तसाच हादरत होता की.

घाटावर गणपती सोडून वर आलो तेव्हा नऊ वाजून गेलेले. कपडे ओले, गळ्यापर्यंत गुलाल. चहाच्या टपरीवर रेडिओ लावलेला आणि एकही माणूस बोलत नव्हता. मिरवणुकीच्या सकाळी घाटावर शांतता म्हणजे काय ते कोल्हापूरकरालाच कळंल. लातूर, उस्मानाबाद एवढंच कानावर आलं. मी चहा सांगितला आणि हसत विचारलं काय झालं रे, कोण गेलं. तो हसलेला चेहरा मला अजून आठवतो, माझाच, म्हणजे मी कुठं आरशात बघितला नव्हता तरीपण.

संध्याकाळपासून तालमीत भाकरी गोळा करायला लागलो. प्रत्येक घरातनं दहा. चटणी, कांदे, जुनी चादरं. तिसऱ्या दिवशी टेम्पो काढून गेलो, सहा पोरं. गाव असं नव्हतंच. दगडमातीच्या भिंती होत्या तिकडं, दोन-दोन हात जाड, त्या सगळ्या आत बसलेल्या, आणि त्या ढिगावर माणसं नुसती बसलेली. वास येत होता, त्याच्याबद्दल लिहीत नाही. पाऊस पण चालूच. एक म्हातारा होता, त्याला भाकरी द्यायला वाकलो तर तो भाकरी घेईना, माझ्या कानाकडं बघायला लागला. कानामागं गुलाल राहिलेला, तो आठ दिवस निघत नाही. म्हणाला, "तुमच्याकडंबी कालच झालं का विसर्जन?" काल नव्हं, चार दिवस झालेले. त्याच्यासाठी अजून तीच रात्र चालू होती. त्यांनी पण रात्री गणपती बोळवले आणि दमून झोपले होते.

त्याच्यानंतर मी मिरवणुकीत जातो, नाही असं नाही. पण पहाटे चार वाजता जरा बाजूला जाऊन बसतो. पोरं म्हणतात तात्या दमला.

राजारामपुरी
इंदिरा गांधी. ३१ ऑक्टोबर १९८४. मी सातवीत. दुसरा तास गणिताचा, शिपाई चिठ्ठी घेऊन आला, गुरुजींनी वाचली, खडू ठेवला आणि रडायला लागले. मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा बघितला. मग मैदानात सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं शांत, आणि घरी जा म्हणाले. आम्ही पोरं पहिल्यांदा खूश झालो सुट्टी म्हणून आणि मग एकमेकांकडं बघून गप्प झालो. दप्तर डोक्यावर घेऊन घरी आलो. लख्ख आठवतंय, काल झाल्यासारखं.

आझाद चौक
राजारामपुरीवाले, वाईट वाटून घेऊ नका पण गडबड आहे. १९८४ ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. ३१ ला दिवाळीची सुट्टी चालू, शाळाच नव्हती. मला पक्कं माहीत आहे कारण मी त्या दिवशी उद्यमनगरात काकांच्या लेथवर बसलेलो, सुट्टीत मला तिथं पाठवायचे, घरात दंगा नको म्हणून. आणि सकाळी गोळ्या घातल्या एवढंच कळलं होतं, गेल्या हे आकाशवाणीनं संध्याकाळी सांगितलं. दिवसभर कारखान्यात नुसती कुजबुज, बीबीसीनं सांगितलंय म्हणे, खरं का खोटं. काका म्हणायचे आकाशवाणी सांगत नाही तोपर्यंत त्या जिवंत हायत, मशीन बंद करायची नाही. सांगितल्यावर त्यांनी स्वतःच मेन स्विच ओढला. लेथ एकदम थांबत नाही, चक फिरत राहतं थोडा वेळ. तेवढा वेळ सगळे त्या चककडंच बघत उभे.

राजारामपुरी
असं कसं होईल? गुरुजी रडलेले मी बघितलेत. थांबा, दादाला विचारतो.

जुना बुधवार पेठ
आजीचं लिहितेय, ती सांगेल तसंच टाइप करते.

"मी नवीन लग्न हून आल्तो. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर, सदुसष्ट साल. पहाटे उठून चूल पेटवायला बसलो हुतो, चार वाजून गेलेले. फळीवरचे पितळंचे डबे एकेक करून माझ्या अंगावर यायला लागले. मला वाटलं सासूबाई फेकायला लागल्या, मी काल भाजीत मीठ जास्त टाकल्तं. खरंच तसं वाटलं, हसू नका. मग बाहेर वरडा उठला, राधानगरीचं धरण फुटलं म्हणून. फुटलं-बिटलं काय नव्हतं. पण सगळी गल्ली टेंबलाईच्या टेकडीकडं पळाय लागली, थंडी अशी की दात वाजत्यात, आणि माझ्या काखंत काय, तर पिठाचा डबा. पोरगं न्हाई, दागिना न्हाई, पिठाचा डबा. सासूबाईंनी वाटेत बघितलं आणि म्हणाल्या, शाणी हाईस."

तिच्या मते त्या दिवसापासून सासूबाईंशी जमलं.

टाकाळा
मी २६/११ लिहितो, म्हणजे लिहिते. (घरी बोलताना आम्ही पण "मी आलो, मी गेलो"च म्हणतो.)

दादा मुंबईत नोकरीला, मावसबहिणीच्या साखरपुड्याला यायचा होता, त्या रात्रीच्या महालक्ष्मीनं. आठला त्याचा फोन आला, सीएसटीला गाडी लागलीय, वडापाव खातोय. आम्ही म्हटलं बरं. घरात कटकची मॅच चालू, भारत-इंग्लंड. मॅचनंतर बाबांनी बातम्या लावल्या तर खाली पट्टी, कुलाब्यात गोळीबार. पहिल्यांदा सगळे गँगवॉरच म्हणत होते. मग सीएसटी आलं.

दादाचा फोन बंद.

बाबा रेल्वेचं टाइमटेबलचं पुस्तक घेऊन आले. महालक्ष्मी साडेआठच्या आसपास सुटते, गोळीबार साडेनऊनंतरचा, म्हणजे तो सुटलेला असणार. हे त्यांनी आईला दहा वेळा सांगितलं. आई दर वेळी एकच विचारायची, "गाडी टायमात सुटली कशावरनं?" आणि याला बाबांकडं उत्तर नव्हतं, कारण आपली रेल्वे. टीव्हीवर तोच प्लॅटफॉर्म, सांडलेल्या पिशव्या, चपला. आई प्रत्येक पिशवी बघत होती. त्याची निळी होती. निळी पिशवी दिसली की तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. त्या रात्री मला कळलं, जगात निळ्या पिशव्या किती आहेत ते.

रात्रभर कुणी झोपलं नाही. पहाटे पाचलाच बाबा स्कूटर काढून निघाले, आई मागं, मी रिक्षानं. शाहू महाराज टर्मिनसवर आमच्यासारखी कितीतरी माणसं, कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. गाडी आली. दादा उतरला, डोळे चोळत, केस विस्कटलेले. त्याला मिरजेत चहावाल्यानं सांगितलं तोवर काहीच माहीत नव्हतं. बॅटरी संपली म्हणून फोन बंद करून मस्त झोपलेला. आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दंडावर, पोटावर, असं वरनं खालपर्यंत चाचपलं आणि म्हणाली, "मोबाइल चार्ज करायला काय झालं हुतं रे तुला." आणि मग तिथंच प्लॅटफॉर्मवर बसली.

तो ज्या टपरीवर वडापाव खाल्ला त्या टपरीबद्दल कधी बोलत नाही. पण मुंबईला गेला की तिथं जाऊन येतो, एवढं वहिनीनं सांगितलं.

कसबा बावडा
माझं छोटं आहे. २६ जानेवारी २००१. झेंडावंदन करून येताना जिलेबी आणायची, कोल्हापुरात जिलेबीशिवाय २६ जानेवारी होत नाही. गरम पुडा घेऊन घरात आलो, टीव्ही लावला दिल्लीची परेड बघायला. थोड्या वेळानं भूजच्या बातम्या. त्यात सांगितलं शाळेची पोरं झेंडावंदनाच्या प्रभातफेरीत होती, अंजारला, दोन्ही बाजूची घरं पडली. मी पण त्याच कपड्यात होतो, पांढरा शर्ट, खिशाला कागदी तिरंगा टाचलेला. जिलेबी कुणी खाल्ली नाही. पाक कागदातनं टेबलावर उतरला होता, ते पुसताना आई सारखी माझ्याकडं बघत होती.

महाद्वार रोड
माझा स्वतःचा अनुभव नाही, आजीचा. चालत असेल तर ठेवा.

३० जानेवारी १९४८. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. आजी बारा वर्षांची. संध्याकाळी दिवेलागणीला शेजारच्या वाड्यातल्या रेडिओवर कळलं, गांधीजी गेले. आजीच्या वडलांनी अंघोळ केली, त्या रात्री चूल नाही. आजी सांगायची, आम्ही घरचंच कुणी गेल्यासारखं उपाशी झोपलो. आणि मारणाऱ्याचं आडनाव कळल्यावर वडील म्हणाले, आता आपलं काही खरं नाही. तिला अर्थ कळला नाही.

मग ते जळीत. जुन्या लोकांच्या घरात हा एकच शब्द, जळीत. ब्राह्मणांची घरं, दुकानं पेटवली. जयप्रभा स्टुडिओ जळाला तो तेव्हाच. ह्यांच्या वाड्यापुढं जमाव आला तेव्हा ह्या सगळ्या बायका-पोरी पाठच्या गल्लीतल्या एका मराठा घरात, माडीवर, कणग्यांच्या मागं. त्या घरची म्हातारी खाली उंबऱ्यात सूप घेऊन पाखडत बसलेली. धान्य पाखडून झालेलं, सुपात काहीच नव्हतं, तरी पाखडत होती. आजीला माडीच्या फटीतनं ते रिकामं सूप दिसायचं.

वाडा गेला. राहिला एक पाट, एका कडेनं जळालेला. आमच्याकडं अजून आहे, देवापुढं असतो. आणि त्या घरची दिवाळीची पहिली करंजी आमच्याकडं येते, आमची त्यांच्याकडं. आता चौथी पिढी आहे, पोरांना कारण माहीत नाही, डबा पोचवायला कटकट करतात.

शाहूपुरी, कुंभार गल्ली
वरचं वाचून काय लिहावं कळेना, तरी लिहितो. २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलेलं. लाइट नाही, फोन बंद, गणपतीच्या मूर्ती माळ्यावर चढवल्या तरी खालचे दोन थर विरघळले. चार दिवसांनी बोटीतनं बाहेर निघालो, निवारा केंद्रात कुणीतरी पेपर दिला तेव्हा कळलं सुषमा स्वराज गेल्या, ६ ऑगस्टलाच. ३७० पण तेव्हाच कळलं. सगळा देश बोलून मोकळा झालेला आणि आम्ही तोंड उघडायला बघतोय तर विषय जुना. माझ्या नखात अजून शाडू होती.

राजारामपुरी
दादाला फोन केला. अर्धा तास भांडलो.

आझाद चौकवाले बरोबर आहेत. ३१ ला शाळा नव्हती. दादा म्हणतो मी सांगतोय तो दिवस यशवंतरावांचा आहे. यशवंतराव चव्हाण गेले २५ नोव्हेंबर १९८४ ला, तो रविवार, आम्ही सोमवारी शाळेत गेलो आणि परत पाठवलं. गुरुजी कराडकडचे होते. म्हणजे ते यशवंतरावांसाठी रडत होते आणि मी चाळीस वर्षं ते इंदिरा गांधींच्या नावावर सांगत आलोय. पोरांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, एकदा शाळेच्या कार्यक्रमात माइकवरनं सांगितलं.

मग मी विचारलं, ३१ ला मी कुठं होतो? दादा म्हणतो, अंगणात. दिवाळीचा किल्ला अजून मोडला नव्हता, त्याच्यावर हळीव उगवून आलेलं आणि तू तांब्यानं पाणी मारत होतास. आई आतनं हाका मारत होती, रेडिओवर काय सांगत्यात बघ म्हणून. तू म्हणालास, बुरूज ढासळतोय, आलो. आणि आला नाहीस.

ह्यातलं मला काहीच आठवत नाही.