दोन सीटांची गाडी आणि घुमटाचा आवाज : स्वतः बनवलेल्या स्पीकर सिस्टीमचे अनुभव

फोंडा (धागा काढणारा)

गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरची आरती मी चांगल्या रेकॉर्डरवर उतरवून घेतली. चार घुमटं (मातीच्या घटाला चामडं लावलेली वाद्यं), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य), कांसाळं (झांजा). दुसऱ्या दिवशी गाडीत लावली, तर घुमटाच्या जागी कोणी बिस्किटांचा रिकामा डबा बडवतंय असं वाटलं. तिथून पुढचे आठ महिने मी या कामात घातले. छोट्या स्पोर्ट्‌स कारमध्ये ज्यांनी स्वतः स्पीकर बसवले, बसवून घेतले किंवा बसवून पस्तावले, त्या सगळ्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीटा, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. दारात काच खाली आली की मागे जेमतेम पाच सेंटिमीटर जागा उरते. तिथे चार इंचांच्या वर काही बसेना. घुमटाचा ‘धुम्’ तेवढ्या स्पीकरातून निघणं शक्यच नव्हतं. डिकीही अशी की एक बॅग ठेवली की भरली. शेवटी बाजूच्या सीटपुढे पाय ठेवतो तिथे, अगदी पुढच्या कोपऱ्यात, फायबरची पेटी बनवायचं ठरलं.

दुकानदार म्हणाला, पोर्टवाली (हवेला तोंड ठेवलेली) पेटी घ्या, धमाका आवाज येईल. मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण मला घुमटातूनच कळलं होतं. घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं, धाकटं उघडं. डाव्या हाताने धाकटं तोंड झाकत-उघडत वाजवणारा आवाज वळवतो. पोर्टवाल्या पेटीचं काम त्याच जातीचं: आतली हवा त्या तोंडाशी एका ठरावीक सुरात घुमते. पण घुमटावर माणसाचा हात असतो, पेटीवर नसतो. छोटी पेटी एकाच सुरात घुमत राहिली, तर गाण्यातला घुमट आणि पेटीचा घुमट वेगळे ओळखायचे कसे? म्हणून बंद पेटी, आठ इंचांचा एकच सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर).

पेटीसाठी बेतूलला होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेस्तांकडे गेलो. त्यांनी काम ऐकून घेतलं आणि म्हणाले, “होड्यांत उदक भितर सरूंक फावना, पेटयेंतलो वारो भायर सरूंक फावना. काम एकूच.” गाडीच्या त्या कोपऱ्यावर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, मग रेझिन आणि काचतंतूंची ४५० ग्रॅमची मॅट. पहिला थर पाऊस संपायच्या आधीच लावला आणि तो चार दिवस बोटाला चिकटत राहिला. मॅटने पावसाळी हवेतली ओल धरली होती. मेस्तांनी तो सरळ खरवडून काढला, आणि ऑक्टोबरात ऊन पडल्यावर पाच थर चढवले. पेटीचं आकारमान मोजायला उकडे तांदूळ ओतले. लिटरच्या मापाने अकरा मापं बसली. स्पीकरचा लोहचुंबक साधारण एक लिटर जागा खातो, म्हणजे उरले दहा. आठ इंचांच्या माझ्या स्पीकरला तेवढे पुरले.

आता लहान गाडीचा मोठा फायदा सांगतो, कारण याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. ४० हर्ट्‌झच्या आवाजाच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास. माझी केबिन दोन मीटरही नाही. त्यात ही लाट मावतच नाही. त्यामुळे स्पीकर हलला की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि साधारण ८० हर्ट्‌झच्या खाली आवाज आपोआप चढत जातो. बंद पेटीचा आवाज ज्या खालच्या सुरांत उतरतो, तिथेच केबिन त्याला उचलून धरते. मोठ्या एसयूव्हीला असा आधार मिळायला आणखी खाली उतरावं लागतं. पण छप्पर काढलं की हा आधार गेला. म्हणून डीएसपीत (आवाज हवा तसा बदलणाऱ्या डिजिटल यंत्रात) मी दोन सेटिंग्ज ठेवली आहेत, छपरासकट आणि छपराविना.

एक घोळ झाला. एक्सलरेटर दाबला की स्पीकरातून शिट्टी चढायची. वायरिंग करणाऱ्याने अॅम्प्लिफायरचं अर्थिंग सवयीने मागच्या एका पट्टीला स्क्रूने जोडलं होतं. ती पट्टी फायबरमध्ये बसवलेली. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीची वायर असते, फायबरच्या गाडीत बॉडीतून वीज जातच नाही. आठ गेजची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली आणि शिट्टी गेली.

काणकोण

माझी बीएमडब्ल्यू झेड-४, जुनी, कापडी छपराची. घर समुद्रापासून दोनशे मीटरवर. मला आवाजाबद्दल फार सांगायचं नाही, खाऱ्या वाऱ्याबद्दल सांगायचं आहे. साध्या तांब्याच्या वायरीची टोकं एका पावसाळ्यात हिरवी पडली. मी सोलून पाहिलं तर प्लास्टिकच्या आत वीतभर काळं पडत गेलं होतं. आता होडीवर वापरतात ती कल्हईवाली वायर आहे, टोकं उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद केलेली. एमडीएफची (दाबलेल्या भुशाच्या फळीची) पेटी खालून फुगली, पापडासारखे पदर सुटले. तिच्या जागी मरीन प्लाय.

या गाडीची बॅटरी डिकीतच असते, त्यामुळे पॉवरची वायर हातभर पुरली. पण वायर कितीही आखूड असो, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालाच. वायर सोलवटून पत्र्याला टेकली तर आग लागते, आणि तेव्हा बाकी काहीच कामाला येत नाही.

म्हापसा

दाराचं पॅनल काढायचं असेल तर समोर उभं राहून काढून घ्या. माझ्या गाडीच्या दारात आतून प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्याच्यामुळे दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर जातं. ज्यांच्याकडे काम दिलं होतं त्यांनी तो फाडून टाकला. मला हे जूनमध्ये कळलं, पायाखालचं मॅटिंग ओलंचिंब झाल्यावर. स्पीकर कुजले, सीटखालचा कनेक्टर कुजला, वास अजून जात नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण चीड अजून आहे. आता पडद्याच्या जागी ब्युटाइल रबराची शीट अखंड चिकटवली आहे. दार लावताना पूर्वी ‘टण्’ व्हायचं, आता ‘थप्’ होतं. ऐकूनच बरं वाटतं.

पणजी

ऑडी टीटी. दोन माणसांच्या गाडीत चालवणाऱ्याचा उजवा कान उजव्या स्पीकरला अगदी लागून असतो. मी टेपने मोजलं: उजवा ७० सेंटिमीटर, डावा १३०. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्याचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा उशिराने गाणारी बाई उजव्या आरशात जाऊन बसते. डीएसपीत उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर लावला आणि ती डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभी राहिली. त्या रात्री मांडवीवरच्या अटल सेतूवरून उगाच दोन चकरा मारल्या.

कॅलिब्रेशन केलेला माइक घ्या आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते वापरा. मोबाइलचा माइक खालच्या सुरांत भरवशाचा नाही. आणि मोजताना गाडीत बसा, कारण आपलं शरीरही आवाज खातं.

स्विंडन, इंग्लंड (मूळ डिचोली)

इथे माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. तिच्या सीटच्या हेडरेस्टमध्येच छोटे स्पीकर बसवलेले आहेत. छप्पर उघडं टाकून मोटरवेवर गेलं की दारातला आवाज वारा नेतो, हेडरेस्टमधला कानाशी राहतो. मी ते छोटे स्पीकर बदलले आणि त्यांना २५० हर्ट्‌झच्या खालचं काहीच पाठवत नाही. आवाज पुढून यावा म्हणून ते दारांपेक्षा बरेच हळू ठेवलेत. उघड्या गाडीवाल्यांनी हे करून बघावं. फोंड्याच्या दादा, ते चवथीचं रेकॉर्डिंग मला पाठवाल का? तीन वर्षं चवथ चुकलीय.

फोंडा

पाठवतो. ज्यांना हवं त्यांनी सांगा, सगळ्यांना देतो.

कुडचडे

मलाही आलं रेकॉर्डिंग, आभार. माझी गाडी मिनी कूपर, दारांत साडेसहा इंची आणि सीटखाली एक चपटा सबवूफर, एवढंच. पण लिहायचं आहे ते माझ्या बाबांबद्दल.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे. पन्नास वर्षं घुमट वाजवला, आता हात थरथरतो. गाडीतल्या गाण्यांचा त्यांना त्रास होतो, नुसता गोंगाट म्हणतात. काल त्यांना बाजूला बसवलं, काचा वर केल्या, इंजिन बंद ठेवलं आणि तुमची आरती लावली. आवाज घरात बोलतो तेवढाच. पहिला मिनिटभर ते काचेतून बाहेर बघत होते. मग डावा हात मांडीवर वळला, पंजा उघडा-बंद होऊ लागला, धाकट्या तोंडावर असतो तसा.

संपल्यावर म्हणाले, चारही घुमटं बोकडाच्या चामड्याची आहेत, घोरपडीची नाहीत. आता तशीच असणार, घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे, आणि २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं ते बोकडाच्या चामड्यासकटच. पण त्यांनी ते कानाने ओळखलं. पुढे म्हणाले, “डावीकडून दुसरा आहे ना, त्याचा हात शेवटच्या आरतीला दमलाय. उघडतोय उशिरा.”

दादा, डावीकडून दुसरे कोण होते? बाबांनी सकाळपासून तीनदा विचारलं.

फोंडा

ताई, डावीकडून दुसरा मीच. बाबांना सांगा, आमची तालीम नागपंचमीपासून रोज रात्री आठला देवळाच्या चौकात असते. त्यांना घेऊन या, खुर्ची पुढे ठेवतो.